आडवा अलार्म आणि गेटवरचे मामा

गाडी खोलून पुन्हा जोडली की एखादा नट हातात उरतोच. गिऱ्हाइकासमोर हे कबूल करायचं नसतं, पण गॅरेजवाला खरं बोलायला बसला तर तोही हेच सांगेल. असे उरलेले नट आम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकतो. एक डबा भरला, दुसरा भरला, आता खिडकीखाली डब्यांची रांग आहे. किस्स्यांचंही तसंच झालंय बघा. प्रत्येक गाडीमागे एखादा उरतो. त्यांना डबा नाही, म्हणून तुम्हाला सांगत बसलेय.

कर्जत-खोपोली रस्त्यावर, पळसदरीच्या अलीकडे आमचं गॅरेज. मालक आप्पा. मी नीलम, माहेर भिवपुरी, सासर खोपोली. माझं काम स्कॅनरचं. म्हणजे नव्या गाडीला यंत्र जोडायचं आणि तिला कुठे दुखतंय ते वाचायचं. इतकी वर्षं झाली, तरी नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतं आणि विचारतं, "मेकॅनिक कुठे आहेत?" मी म्हणते, "तुमच्यासमोर चहा पितेय." मग ते उगाच हसतं. मी हसत नाही.

आणि गेटवर तुकाराम मामा. आमचं गेट सरळ मोठ्या रस्त्यावर उघडतं, दोन्ही बाजूंना उंच भिंती. आत गाडी वळवायला जागा नाही, त्यामुळे बाहेर पडायचं तर रिव्हर्समध्येच. अर्धी गाडी रस्त्यावर गेल्याशिवाय ड्रायव्हरला डावं दिसत नाही की उजवं. म्हणून मामा रस्त्याच्या कडेला उभे राहतात, दोन्हीकडे बघतात आणि डिकीवर हात मारतात. एक थाप म्हणजे ये, दोन थापा म्हणजे थांब. बोरघाटात आधी ट्रकचे क्लीनर आणि मग ड्रायव्हर म्हणून त्यांची तीस वर्षं गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा आप्पांनी त्यांना गेटवर आणलं.

हल्ली नव्या गाड्यांत मामांचंच काम करणारी एक सोय येते. इंग्रजी नाव लांबलचक, रिअर क्रॉस ट्रॅफिक वॉर्निंग. आमच्याकडे सगळे तिला 'आडवा अलार्म' म्हणतात. मागच्या बंपरच्या आत, दोन कोपऱ्यांत, दोन छोटी रडार बसवलेली असतात. रिव्हर्स गिअर टाकला की ती जागी होतात. एक डावीकडे बघतं, एक उजवीकडे. कुणी आडवं येत असेल तर त्याच्यावर लाट आपटून परत येते, त्यावरून अंतर कळतं, वेग कळतो. आता हे आपल्या मागे येऊन पोचणार असं गणित जमलं की टीं टीं वाजतं आणि त्या बाजूच्या आरशात दिवा लागतो. काही गाड्या तर स्वतःच ब्रेक मारतात.

हे सगळं मी मामांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजी माजंच काम. फकस्त तिला तंबाखू लागत नाय."

* * *

भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले एक काका. नवी गाडी घेतली आणि आठवड्यात माझ्यासमोर हजर. सोबत काकू.

"आडवा अलार्म खराब आहे," काका म्हणाले. "मी स्वतः तपासलंय."

"कसं तपासलंत?"

"हिला गाडीत बसवलं. रिव्हर्स टाकायला लावला. आणि मी मागे उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटं उभा होतो. एकदा वाजला नाही."

मी म्हटलं, "काका, जवळच्या उभ्या वस्तूसाठी पार्किंग सेन्सर वेगळा असतो, तो बंपरवरच्या गोल बटणांचा. सरळ मागचं बघायला कॅमेरा. हा अलार्म फक्त बाजूने येणाऱ्यांसाठी आहे. जे हलत नाही, ते याच्या हिशेबातच नाही. नाहीतर प्रत्येक भिंतीला आणि खांबाला वाजत बसेल."

मी काकूंना रिव्हर्स टाकायला लावला, तेवढ्यात रस्त्यावरून एक स्कूटर गेली आणि अलार्म कसा छान वाजला. काकांचं समाधान झालेलं दिसेना.

गाडीतून काकू म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्यासाठी तो कधीच वाजायचा नाही. रिटायर झाल्यापासून हे एका जागीच आहेत."

* * *

मुंबईचे एक साहेब. पळसदरीच्या धरणाजवळ त्यांचं फार्महाऊस आहे, दर शनिवारी येतात. गाडी आमच्याकडे धुवायला दिली होती. संध्याकाळी न्यायला आले, रिव्हर्स टाकला आणि अलार्म सुरू झाला तो थांबेचना. टीं टीं टीं टीं. साहेबांनी काच खाली केली आणि मला म्हणाले, "मॅडम, सिस्टीममध्ये फॉल्ट आहे. हे हँग झालंय."

मी स्कॅनर घ्यायला वळले.

गेटवरून मामा म्हणाले, "फॉल्ट नाय सायेब. डावीकडनं पाटलांच्या म्हशी चालल्यात. वीस हायेत. चौदा गेल्या."

साहेबांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही सगळे उरलेल्या सहा म्हशींची वाट बघत उभे राहिलो. विसावी गेली. साहेबांनी पुन्हा रिव्हर्स टाकला. शांतता. मामांनी डिकीवर एक थाप दिली आणि गाडी निघाली.

पुढच्या शनिवारी साहेब आले ते थेट मामांकडे गेले आणि विचारलं, "आज किती?"

* * *

पळसदरीतच एक शिक्षक राहतात. त्यांची तक्रार अशी की रोज सकाळी शाळेला निघताना अलार्म वाजतो आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. बाकी दिवसभर एकदम ठीक. आईने गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं, मिरच्या जाळल्या, तरी सकाळी टीं टीं सुरूच.

बंपर काढला, रडार तपासलं, वायरी तपासल्या. सगळं उत्तम. शेवटी मी चिडले आणि एका सकाळी त्यांच्या घरीच जाऊन बसले. चहा झाला, पोहे झाले, सर गाडीत बसले, रिव्हर्स टाकला आणि अलार्म वाजला. मी मागे उभी. रस्ता मोकळा होता. रस्त्यापलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडून खोपोलीची गाडी धडधडत चालली होती.

"सर," मी म्हटलं, "इतकं मोठं लोखंड इतक्या जवळून आडवं जातंय. त्या बिचाऱ्या रडारला काय माहीत की ते रुळांवर आहे आणि तुमच्या अंगणात येणार नाही? तुमची निघायची वेळ आणि रेल्वेची वेळ एक आहे, एवढंच."

सरांना पटलं. म्हणाले, उद्यापासून पाच मिनिटं उशिरा निघतो.

तीन दिवसांनी फोन आला. "मॅडम, आता अलार्म वाजतच नाही हो. आई काळजीत आहे."

* * *

खालापूरकडच्या एका गावातलं लग्न. दुपारी अडीचचा सुमार, मी डबा उघडलेला, आणि फोन वाजला. मागे बँजो एवढ्या जोरात की मला वाटलं माझ्याच टेबलाखाली वाजतोय.

"मॅडम, मी नवरदेव बोलतोय. गाडी तुमच्याकडे सर्व्हिसिंगला असते. स्क्रीनवर लिहून येतंय की मागचे सेन्सर झाकले गेलेत. आणि मला मांडवातून रिव्हर्स काढायचीये."

"तुम्ही स्वतः चालवताय?"

"ड्रायव्हर जेवायला बसलाय."

मी विचारलं, गाडी सजवलीय का. म्हणाला, मावसभावांनी सजवलीय, चकचकीत चंदेरी कागदाने, अगदी बंपरसकट. आता बोला. प्लास्टिकच्या बंपरमधून रडारची लाट आरपार जाते, रंगातून जाते, पण तो चंदेरी कागद म्हणजे धातूचा पडदा. लाट तिथल्या तिथे परत फिरते. मी म्हटलं, "बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवरचा कागद काढा, बाकी सजावट राहू द्या."

"मॅडम, कोपऱ्यांवर तर नावं आहेत. डावीकडे माझं, उजवीकडे तिचं. कागदातून कापून चिकटवलीत."

"मग नावं काढा."

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "माझं काढलं. डावीकडचं सुरू झालं."

"छान. आता उजवीकडचं काढा."

तिकडे जरा कुजबुज झाली. मग नवरदेव दबक्या आवाजात म्हणाला, "ती म्हणते नाव राहू दे. उजवीकडचं ती बघेल."

संसार सुखाचा चाललाय त्यांचा. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगला आले होते.

* * *

आता मामांचं सांगते. हे सांगताना मला माझाच राग येतो, तरी सांगते.

माझ्या हळूहळू लक्षात आलं की मामा गेटवर उभे राहायची जागा बदलतायत. आधी ते मधोमध उभे राहायचे. मग उजव्या खांबाला टेकून उभे राहायला लागले, आणि उजवीकडचं बघायचं तर नुसती मान नाही, अख्खं अंगच वळवायला लागले. एकदा मी त्यांच्या उजव्या हाताला चहाचा कप धरून उभी राहिले. त्यांना कळलंच नाही. कप मी डावीकडे नेला तेव्हा म्हणाले, "आलीस का गं ताई."

मोतीबिंदू. उजवा डोळा पार पिकलेला. त्यांची बायको, मंदामामी, तीन वर्षं मागे लागली होती की ऑपरेशन करून घ्या. पण मामांचा थोरला भाऊ ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पट्टी काढून शेतात उतरला होता आणि त्याचा तो डोळा गेला. त्या गोष्टीला जमाना झाला, पण मामांच्या मनातून ती जाईना. "ऱ्हायलाय तेवढा उजेड बी जायाचा," म्हणायचे. आणि दुसरी भीती अशी, की आप्पांना कळलं तर गेट सुटेल. मला त्यांनी हात जोडून सांगितलं, "ताई, येवढं पोटात ठेव. गेटावर हाय तवर मी मानूस हाय. आत बसवलं की झालो सामान."

मी आप्पांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट शहाणपणा केला.

गॅरेजची स्वतःची एक गाडी आहे, आडव्या अलार्मवाली. ती मी गेटच्या उजव्या अंगाला, मागची बाजू रस्त्याकडे करून लावली. किल्ली फिरवून ठेवायची, रिव्हर्स टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, काच खाली. उजवीकडून काही आलं की गाडी टीं टीं करायची, मामा ऐकायचे आणि दोन थापा मारायचे. डावीकडच्या कोपऱ्यावर मी चंदेरी कागद चिकटवला होता, तिकडचं ते स्वतः बघायचे. दहा-बारा दिवस हे असं चाललं आणि कुणाला पत्ता लागला नाही. मामा एकदम रुबाबात. एकदा तर अलार्म वाजल्यावर डोळे बारीक करून म्हणाले, "ट्यांपो येतोय वाटतं." आली होती रिक्षा.

आप्पांनी मात्र एकदा विचारलं, "नीलम, हिचे मागचे दिवे दिवसभर का चालू?"

"टेस्टिंग चाललंय आप्पा."

"किती दिवस?"

"नाजूक काम आहे."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग चष्मा पुसत आत गेले.

* * *

इंजिन बंद आणि दिवे चालू, मग बॅटरी किती दिवस टिकणार? हे मला सुचू नये? स्कॅनरवाली म्हणे मी! रोज संध्याकाळी चार्ज करत होते, आदल्या दिवशी नेमकं विसरले. त्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी झाली आणि मी बॅटरी बघितलीच नाही. अकराच्या सुमाराला ती बसली. गाडी मुकी झाली, आणि मामांना काय माहीत? त्यांना वाटलं, उजवीकडे शांत आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे.

एक पांढरी नवी गाडी मागे घेत होती. मामांनी डिकीवर एक थाप मारली. ये. ये.

आणि त्या गाडीने स्वतःच खाड्कन ब्रेक मारला. तिच्या आत टीं टीं चालू होतं. तिच्या बंपरपासून दोन हातांवर एक स्कूटर थांबली होती, त्यावर गावातल्या अंगणवाडीच्या बाई. पायातली चप्पल निसटली होती, हँडल वाकडं झालं होतं, पण त्यांना कुठे खरचटलंसुद्धा नाही. देवाची कृपा.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मामा, मी दिसले नाही का हो?"

मामा म्हणाले, "उन्हाची तिरीप व्हती." त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

मी आप्पांना सगळं सांगितलं. गाडीचं, बॅटरीचं, सगळं. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीत बसले. म्हणाले, "ती बाई गेली अस्ती, तर तिच्या घरी मी कुठल्या तोंडानं गेलो अस्तो? आनि तुक्या तरी जगला अस्ता का?"

मग ते स्वतः गेटवर गेले आणि मामांचा हात धरून त्यांना आत घेऊन आले. "आजपासून तू गेटावर उभा नाय ऱ्हायाचं. स्पेअर पार्टच्या खिडकीत बस. पगार तोच. पन गेट नाय."

मामांनी वाद घातला नाही. टायरच्या थप्पीवर बसून राहिले. दुपारी डबा तसाच परत गेला.

* * *

त्यानंतर आठवड्याने एक निळी गाडी आली. मालक वैतागलेला. उजव्या बाजूचा आडवा अलार्म सहा महिने बंद. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला सांगितलं होतं की रडार मेलं, नवीन घाला. मी स्कॅनर लावला. रडार जिवंत होतं, पण त्याला काही दिसत नव्हतं.

आमचा रंगारी विनायक, त्याला मी बोलावलं. विन्याने बंपरवर बोट वाजवून बघितलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि हसला. "ताई, इथं कुनीतरी लांबी थापलीय. बोटभर जाड." कधीतरी ठोकर बसली असणार, खड्डा पडला असणार, आणि कुणीतरी तो बुजवायला लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, थर चढवून वरून रंग मारला. बाहेरून गुळगुळीत, झकास. आत रडार आंधळं.

मामा खिडकीतून उठून आले आणि बघत उभे राहिले. आठवड्यात पहिल्यांदाच ते आपणहून कुठल्या गाडीजवळ आले होते. विन्याने खरवडायला सुरुवात केली. लांबीचे पापुद्रे खाली पडत होते.

"नवीन नाय लागनार?" मामांनी विचारलं.

"नाही मामा," मी म्हटलं. "आतलं शाबूत आहे. वरचा थर काढला की झालं."

"शाबूत हाय?"

"एकदम शाबूत."

"आनि खरवडताना आतल्याला लागलं तर?"

विन्या म्हणाला, "हात बसलाय मामा. आनि खरवडल्यावर धूळ नाय बसू द्यायाची, झाकून ठिवायचं. येवढं पथ्य पाळलं की काय होत नाय."

खाली पडलेला एक पापुद्रा मामांनी उचलला, उजेडात धरून बघितला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. दहा वाजता मंदामामीचा फोन.

"ताई, तुमी काय सांगितलंत ह्यांना? तीन वरसं मी डोकं फोडून घेतेय, आनि आज पहाटे स्वताच आंघूळ करून बसले. म्हनतात, चल दवाखान्यात, लांबी खरवडून घेऊ."

मी फोन बंद केला आणि तिथेच रडले. विन्याने विचारलं काय झालं, तर मी नुसता फोन पुढे केला. आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि परत मामीला लावला.

* * *

मामा महिन्याने आले. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा गेला होता. मामीने त्यांना एक दिवस अंगणातसुद्धा उतरू दिलं नव्हतं, औषधाचे थेंब घड्याळ लावून घातले होते. आप्पांनी चहा मागवला, तब्येत विचारली, ऑपरेशनचं विचारलं. गेटाचं नाव काढलं नाही.

शेवटी मामांनीच काढलं. "डॉक्टर म्हनला, चांगलं दिसतंय."

"डॉक्टर म्हनला ते बरंच हाय," आप्पा म्हणाले. "पन तुक्या, रस्ता डॉक्टरच्या दारात नाय. माज्या दारात हाय."

मामांनी मान हलवली. "बराबर हाय. मंग घ्या परीक्षा. गाडीची घेता तशी घ्या."

आडव्या अलार्मचं काम झालं की आम्ही गाडी तशीच देत नाही. एक जण आत बसतो. बाकीचे सायकल, स्कूटर, जे असेल ते घेऊन मागून आडवे जातात, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, न सांगता. ज्या बाजूने माणूस येईल त्याच बाजूचा दिवा लागला पाहिजे. मी कार्डावर खुणा करते. एक जरी चुकली तरी गाडी परत आत.

मामा अंगणाच्या मधोमध उभे राहिले, तोंड भिंतीकडे; भिंतीच्या आणि त्यांच्या मधून कुणी आडवं आलं की त्या बाजूचा हात वर करायचा. मी म्हटलं, "मामा, मान हलवायची नाही हं."

"रडारला कुठं मान अस्ती?" मामा म्हणाले.

डावीकडून विन्या गेला. डावा हात वर. ते सोपं होतं, डावा डोळा चांगलाच होता. मग उजवीकडून सायकल गेली. उजवा हात वर. स्कूटर, उजवा हात. पुन्हा डावीकडून मी, डावा. सर्व्हिसिंगला आलेलं एक गिऱ्हाईकसुद्धा हौसेने दोनदा जाऊन आलं. माझ्या कार्डावर सगळ्या खुणा बरोबर. मला नाचावंसं वाटत होतं, पण मी चेहरा कोरा ठेवून उभी राहिले.

आप्पा काही खूश दिसेनात. "आवाजावरनं सांगतोय," ते म्हणाले. "तीस वरसं ट्रकच्या मागं उभा ऱ्हायलाय. त्याला कानानंच दिसतं. नीलम, कॉम्प्रेसर लाव."

मी आप्पांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. कपाळावर घाम होता. मी जाऊन कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. तो आमचा म्हातारा कॉम्प्रेसर एकदा घरघरायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. विन्या उजवीकडून गेला, चालत. उजवा हात वर. आप्पांनी त्याला खुणेने बाजूला व्हायला सांगितलं आणि सगळ्यांना गप्प उभं केलं.

मग ते स्वतः गेले. शेडच्या मागून वळसा घालून, पार उजव्या टोकाला, जिथे आम्ही खडी टाकलीय तिथे. त्यांनी वाकून पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी चालायला लागले. एक एक पाऊल, हळू. कॉम्प्रेसर गरजत होता. मामांचं तोंड भिंतीकडे, दोन्ही हात मांडीला चिकटलेले. आप्पांची चार पावलं झाली. पाच झाली. मी पेन इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली.

मामांचा उजवा हात वर गेला.

"आप्पा," भिंतीकडेच बघत मामा ओरडून म्हणाले, "चपला घाला. खडी टोचंल."